खोडव्यानंतरचा एक एकर मका: आधी तारखा ठरवा, वाण नंतर

कागल तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठी अडीच एकर बागायत जमीन आहे आणि तिच्यावर सध्या उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) उभा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोडणी होईल. त्यानंतर दीड एकरात पुन्हा ऊस लावायचा आणि एक एकरात मका करायचा, असा विचार आहे. गोठ्यात चार म्हशी आणि दोन संकरित गाई आहेत. बियाण्याचा दुकानदार म्हणतो, दाण्याचा संकरित मका टाका, एकरी तीस क्विंटल निघेल, दाणे विका आणि ताटे जनावरांना घाला. शेजारी म्हणतो, मुरघास करा, म्हणजे हिरवा मका बारीक करून हवाबंद मुरवून ठेवा. इथेनॉलमुळे मक्याला दर आला आहे, असेही त्यांच्या वाचनात आले आहे. त्यांचा शेवटचा प्रश्न असा, की कोणते वाण घ्यावे आणि हे सगळे परवडेल का.

माझी स्वतःची शेती करवीर तालुक्यात आहे. घरी गोठा आहे आणि गेली बावीस वर्षे मी दूध उत्पादकांना वैरणीच्या पिकांबाबत सल्ला देतो. या काळात वाणाचा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला, पण 'पेरणी कोणत्या तारखेला आणि कापणी कोणत्या तारखेला' हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तुमचीही खरी अडचण वाणाची नाही. तुमच्या गोठ्याला वैरण नेमकी कोणत्या महिन्यांत कमी पडते आणि फेब्रुवारीत पेरलेला मका नेमका कोणत्या महिन्यांत हाती येतो, या दोन तारखांचा मेळ बसतो का, हे आधी पाहावे लागेल. तो बसल्याशिवाय वाणाची चर्चा करून उपयोग नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. कोल्हापूर जिल्हा एक असला तरी मक्याच्या दृष्टीने तो एक नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशे-सहाशे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या पश्चिम भागात खरीप मका करणे म्हणजे पाण्यात उभे राहून कपडे वाळत घालण्यासारखे आहे, तर हातकणंगले-शिरोळकडे तोच मका चांगला येतो. तुमचे रान नदीकाठचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण ते भारी काळे आहे की तांबूस निचऱ्याचे, हे लिहिलेले नाही. मक्याच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचून राहिले तर पीक पिवळे पडते आणि पुढे सावरत नाही. रान भारी असेल तर सपाट वाफ्यात पेरू नका, सरी-वरंब्यावर टोकणणी करा. दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात नदीवर उपसाबंदी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेल्या मक्याला आठ ते दहा दिवसांच्या अंतराने आठ-दहा पाणी लागतात. त्यातले तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडतानाचे पाणी चुकले, तर नंतर कितीही पाणी दिले तरी दाणा भरत नाही. तुमच्याकडे स्वतःची विहीर किंवा कूपनलिका नसेल आणि सगळी भिस्त नदीच्या मोटरीवरच असेल, तर खाली लिहिलेल्या बेतातील मुरघासाचा भाग या उन्हाळ्यात सोडून द्या आणि फक्त हिरव्या वैरणीचे पहिले दोन तुकडे करा.

आता दुकानदाराचा सल्ला. तो खोटा नाही, पण तुमच्या तारखांना लागू पडत नाही. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात ऊस तुटला, पाचट आणि खोडक्या काढून रान तयार व्हायला दोन आठवडे गेले, तर पेरणी साधारण २५ फेब्रुवारीला होईल. दाण्याचा मका पक्व व्हायला १०५ ते ११५ दिवस लागतात. म्हणजे कणसे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तयार होतात, आणि आपल्याकडे मृग त्याच सुमारास सुरू होतो. कणसे सोलायची कुठे, वाळवायची कुठे, हा प्रश्न तेव्हा पडतो. दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर व्यापारी कटती लावतो. ओलसर दाण्यावर बुरशी वाढली तर तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि असा दाणा दुभत्या जनावराला घातला तर ते दुधातही उतरते. शिवाय २५ फेब्रुवारीच्या पेरणीला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुरा येतो. त्या दिवसांत पारा ३७-३८ अंशांवर गेला आणि रान सुकले, तर परागकण वाळतात आणि कणसात मध्येमध्ये दाणेच भरत नाहीत. अशा कणसाला आमच्याकडे 'बोळके' म्हणतात, आणि ते दिसतेही तसेच. एकरी तीस क्विंटल हा आकडा ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या, वेळेवर पाणी मिळालेल्या मक्याचा आहे.

ताटांची गोष्टही अर्धीच खरी आहे. दाणा पक्व होईपर्यंत मक्याच्या ताटातील साखर आणि प्रथिने कणसाकडे गेलेली असतात. उरलेल्या वाळलेल्या ताटात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के राहतात आणि खोडाचा खालचा भाग जनावर तोंडाने बाजूला सारते. तरीही वाळकी ताटे टाकून देण्याजोगी नसतात. कुट्टी (बारीक तुकडे) करून शंभर किलो ताटांवर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडला आणि तो ढीग प्लास्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर ती वैरण मऊ होते आणि जनावर ती खाते. युरिया मोजून घ्या आणि पाण्यात पूर्ण विरघळवा, कारण खडा राहिला आणि तो म्हशीच्या पोटात गेला तर विषबाधा होते. हे करता येते, पण हिरव्या किंवा मुरवलेल्या मक्याची बरोबरी त्याला येत नाही.

इथेनॉलबद्दल थोडक्यात लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. त्यानंतर डिस्टिलरींची मक्याला मागणी वाढली आणि दर वधारला, हे खरे आहे. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळते आणि उरणारा चोथा पशुखाद्यात जातो. त्याआधीपासून मक्याचा मोठा गिऱ्हाईक कुक्कुटपालन आहे, कारण कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक भाग मक्याचाच असतो. पण दाण्याच्या मक्याचा बाजार नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात आहे. तिथे शेकडो एकरांवर मका असतो, मळणीयंत्रे गावात असतात आणि व्यापारी ट्रक घेऊन बांधावर येतो. कागलमधल्या एका एकराच्या पंचवीस क्विंटलसाठी तुम्हालाच गाडी करून बाजार शोधत फिरावे लागेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला होता, परंतु हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि आवकेच्या दिवसांत बाजार समितीत तोच दर पदरात पडणे वेगळे. तुमच्या गोठ्यात सहा जनावरे आहेत, म्हणजे मक्याचे सर्वांत जवळचे आणि खात्रीचे गिऱ्हाईक तुमच्या घरापासून वीस पावलांवर बांधलेले आहे.

आता त्या गिऱ्हाइकाचा हिशेब करू. चार म्हशींना रोज प्रत्येकी १५ किलो आणि दोन गाईंना प्रत्येकी २० किलो मुरघास धरला, तर रोज १०० किलो लागतो. हिरवी वैरण द्यायची झाली तर सहा जनावरांना मिळून रोज १३० ते १५० किलो लागेल, कारण हिरव्या मक्यात पाणी जास्त असते. दोन्ही बाबतींत थोडे पिंजर (भाताचा पेंढा) किंवा कडबा बरोबर द्यावाच लागतो. नुसत्या ओल्या वैरणीवर म्हशीची फॅट खाली येते आणि मग डेअरीत दुधाची चिठ्ठी बघून घरात वाद होतात.

आपल्या भागात वैरणीची टंचाई कधी पडते, हे तुम्ही जाणताच. नोव्हेंबरपासून साखर कारखाने चालू असतात तोवर वाड्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, गोठा निघतो. मार्चच्या मध्याला ऊसतोड टोळ्या गावी परतल्या की वाडे संपते, आणि तिथून पाऊस लागून बांधावरचे गवत वाढेपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, चार महिने ओढाताण असते. तुमच्या प्रश्नातली मेख इथे आहे. २५ फेब्रुवारीला पेरलेला मका मुरघासासाठी ८५ ते ९० दिवसांनी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात कापायला येईल. मुरायला दीड महिना द्या. पहिली पिशवी उघडाल तेव्हा जुलैचा पहिला पंधरवडा असेल आणि टंचाई संपत आलेली असेल. शेजाऱ्याचा सल्लाही चांगला आहे, पण तो या उन्हाळ्यासाठी उशिरा आलेला आहे. उन्हाळ्यासाठीचा मुरघास ऑक्टोबरात पेरायचा असतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर एक एकराचे दोन भाग केले असते, वीस-वीस गुंठ्यांचे.

पहिल्या वीस गुंठ्यांत या उन्हाळ्यासाठी हिरवी वैरण. ही एकदम पेरू नका, कारण एकदम पेरली तर एकदम तयार होते आणि शेवटची वैरण निबर होऊन वाया जाते. पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे करा आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा: २५ फेब्रुवारी, १२ मार्च, २७ मार्च आणि ११ एप्रिल. पाच गुंठ्यांतून दोन ते अडीच टन हिरवा मका निघतो, तो तुमच्या गोठ्याला पंधरा-सोळा दिवस पुरतो, तोवर पुढचा तुकडा तयार होतो. पेरणीनंतर साठ दिवसांच्या आसपास, तुरा येऊन कणसात दूध भरू लागले की कापणी सुरू करावी. इथे वाण आफ्रिकन टॉल घ्या. ते उंच वाढते, पाला भरपूर देते आणि त्याचे बी संकरित नसल्यामुळे एका कोपऱ्यात दोन-चार सरी राखून पुढच्या वर्षीचे बी घरीही धरता येते. एकरी तीस किलो बियाणे या हिशेबाने वीस गुंठ्यांना पंधरा किलो लागेल, ओळींत एक फुटाचे अंतर पुरे. मक्याच्या दोन ओळींमागे एक ओळ चवळीची टाकली तर फार चांगले, कारण हिरव्या मक्यात प्रथिने आठ-नऊ टक्केच असतात आणि चवळीत त्याच्या जवळपास दुप्पट. मात्र चवळी असलेल्या तुकड्यात ॲट्राझिन हे तणनाशक चुकूनही मारू नका, चवळी उगवणारच नाही. तिथे खुरप्याने भांगलण हाच मार्ग आहे.

यातली पहिली कापणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते, हे तुमच्या लक्षात आले असेल. मार्चच्या मध्यापासून तोवरचे चाळीस दिवस कोणताही मका भरून काढू शकणार नाही, आणि जो तसे सांगेल त्याच्याकडून बियाणे घेऊ नका. त्या चाळीस दिवसांसाठी एक उपाय आहे. तुमचा खोडवा तुटताना निघणारे वाडे टोळीकडून विकत घ्या, दुसऱ्याच्या फडातले मिळाले तर तेही घ्या. त्याची बारीक कुट्टी करून पिशव्यांत दाबून भरा. उसाच्या वाड्यात साखर असते, त्यामुळे ते चांगले मुरते, आणि फेब्रुवारीत भरलेली पिशवी मार्चअखेर उघडता येते. वाड्यात ऑक्झलेट असल्यामुळे ते जनावराच्या अंगचे कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून वाडे चालू असेपर्यंत खनिज मिश्रण नेमाने द्या, विशेषतः व्यायला झालेल्या म्हशीला.

दुसऱ्या वीस गुंठ्यांत पावसाळ्यासाठी मुरघास. जुलै-ऑगस्टमध्ये वैरण दिसायला भरपूर असते, पण त्या कोवळ्या गवतात पाणीच फार असते, शेण पातळ होते आणि भर पावसात वैरण आणायला माणूस मिळत नाही. नदीकाठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिले आहेत. त्या दिवसांत जनावरे उंचावर नेली तरी त्यांच्यापुढे टाकायला काही नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पिशवीतला मुरघास जनावरांबरोबर ट्रॉलीत घालून नेता येतो. वीस गुंठ्यांतून उन्हाळी हंगामात सात-साडेसात टन माल निघेल, नासधूस वजा जाता साडेसहा टन हाती राहील. रोज १०० किलोप्रमाणे तो जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापलीकडे पुरतो.

मुरघासासाठी वाण मात्र दाण्याचे संकरित घ्या. इथे अनेक जण चुकतात. आफ्रिकन टॉल उंच होतो म्हणून मुरघासालाही तोच पेरतात. पण मुरघासातली ताकद दाण्यात असते, आणि उंच ताटाला बारके कणीस असेल तर पिशवीत भरते ते बहुतेक लाकूड आणि पाणी. मोठे कणीस देणारे आणि कणीस भरल्यावरही पाला हिरवा ठेवणारे कोणतेही चांगले संकरित वाण चालेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या राजर्षीपासून खासगी कंपन्यांच्या वाणांपर्यंत निवड आहे. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले की एकरी तेहेतीस-चौतीस हजार रोपे बसतात. त्यासाठी एकरी आठ किलो बियाणे पुरते.

कापणीचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका, कणीस मोडून ठरवा. रानाच्या कडेचे नको, चार सऱ्या आत शिरून एक कणीस तोडा, सोला आणि मधोमध मोडा. शेंड्याकडच्या तुकड्यातला एक दाणा नखाने काढून त्याची कोंब नसलेली बाजू पाहा. वरचा भाग पिवळा आणि घट्ट, खालचा पांढरा आणि दुधाळ, आणि दोहोंमध्ये एक स्पष्ट रेघ दिसेल. ही रेघ दाण्याच्या टोकाकडून बुडाकडे सरकत जाते. ती निम्म्यावर आली की कापणीची तयारी करा आणि दोन तृतीयांशावर जाण्याआधी कापणी संपवा. त्या वेळी संपूर्ण झाडात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के असतो. नंतर कुट्टी करून पाहिली की मूठभर कुट्टी हातात घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांतून रस गळला तर माल कोवळा आहे, पिशवीच्या तळाशी पाणी साचेल आणि आंबट घाण वास येईल. गोळा लगेच फुटून विखुरला तर माल वाळला आहे, तो दाबला जाणार नाही आणि आत हवा राहील. गोळा हळूहळू सैल होत उमलला, तर त्याच दिवशी भरा.

भरताना कुट्टीची लांबी अर्धा ते पाऊण इंच हवी. आपल्याकडच्या कुट्टी मशीनची पाती बहुधा वर्षातून एकदा, तीही मशीन अडले तरच, घासली जातात. बोथट पात्याने निघालेली तीन-तीन इंचांची कुट्टी दाबून बसत नाही. एक-एक वीत थर टाकून पायाने तुडवत भरा, कडा आणि कोपरे विशेष तुडवा, कारण हवा तिथे लपते. मुरण्याचे सगळे काम हवा नसताना वाढणारे जिवाणू करतात. ते मक्यातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (पीएच) चारच्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू जगत नाहीत. यासाठी मक्यात गूळ घालण्याची गरज नसते. कोल्हापूरकर सांगूनही गूळ घालतोच, हा भाग वेगळा. पण मक्यात पुरेशी साखर असते, आणि तो गूळ घरी चहात घातलात तर अधिक सार्थकी लागेल. नेपियर गवताचा मुरघास करायचा असेल तेव्हा गुळाचे पाणी उपयोगी पडते.

मी वर पिशवी लिहिले आणि खड्डा लिहिला नाही, याला कारण आहे. माझा पहिला मुरघास मी मोठ्या हौसेने खड्ड्यात केला होता. गोठ्यात तेव्हा पाच जनावरे. खड्डा आठ फूट रुंद, पाच फूट खोल, आत सिमेंटचा गिलावा, भरताना ट्रॅक्टरने दाबलेला, वर जाड कागद आणि मातीचा थर. चाळीस दिवसांनी उघडला तेव्हा पिवळसर हिरवा रंग आणि ताकासारखा आंबूस वास, अगदी हवा तसा. आठव्या-दहाव्या दिवशी मात्र हात घातला तर आत कोमट लागू लागले, पंधराव्या दिवशी तोंडावर पांढरी बुरशी होती आणि म्हशी तोंड फिरवू लागल्या. भरण्यात कुठे चुकले याचा मी महिनाभर शोध घेतला, आणि चूक भरण्यात नव्हतीच. आठ फूट रुंद आणि पाच फूट उंच म्हणजे चाळीस चौरस फुटांचे तोंड उघडे. एका घनफुटात १६-१७ किलो मुरघास बसतो. रोज ८०-९० किलो काढायचा तर त्या तोंडाची जेमतेम दीड इंच जाडी निघत होती. उन्हाळ्यात रोज निदान पाच-सहा इंच तरी आत सरकावे लागते, नाहीतर आपण काढतो त्यापेक्षा वेगाने हवा आत शिरते. खड्ड्याचे माप जमिनीवरून नव्हे, जनावरांच्या संख्येवरून काढायचे असते, हे मला दोन ट्रॉल्या उकिरड्यावर टाकल्यावर कळले. तुमच्या सहा जनावरांना पाचशे किलोच्या पिशव्या योग्य आहेत. एक पिशवी पाच दिवसांत संपते. साडेसात टनांना पंधरा पिशव्या लागतील. त्या गोठ्यात, सावलीत, २०१९ च्या पुराच्या रेषेच्या वर ठेवा. उंदरांनी पाडलेली भोके आठवड्यातून एकदा पाहून चिकटपट्टीने बंद करा.

खत आणि किडीबद्दल नेमके तेवढेच लिहितो. संकरित मक्याला एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश द्यावे. म्हणजे एक पोते डीएपी, पंचवीस-सत्तावीस किलो पोटॅश आणि ८० ते ८५ किलो युरिया. यातला युरिया तीन हप्त्यांत, पेरणीला, पीक गुडघ्याएवढे झाल्यावर आणि तुऱ्याआधी द्या. झिंक सल्फेट एकरी आठ-दहा किलो द्या, पण ते डीएपीत मिसळू नका. उसाच्या रानात जस्ताची कमतरता बऱ्याचदा असते आणि मक्याच्या कोवळ्या पानावर पांढरट पट्टे दिसले की ती उघड होते. हिरव्या वैरणीच्या तुकड्यांत मात्र कापणीआधीचे तीन आठवडे युरिया देऊ नका, ताटात नायट्रेट साठते आणि ते जनावराला बाधते.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून आपल्या देशात दिसू लागली आणि आता ती मक्याची कायमची पाहुणी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख. उगवणीनंतर दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सकाळी रानात जा आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, पाहा. पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसत असतील तर अळी लहान आहे आणि पाच टक्के झाडांवर दिसली तरी निंबोळी अर्काची फवारणी पोंग्यात पडेल अशी घ्या. मुरघासाच्या तुकड्यात प्रादुर्भाव वाढला तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, दहा लिटर पाण्याला चार ग्रॅम, सुरुवातीच्या अवस्थेतच वापरा. हिरव्या वैरणीच्या तुकड्यात रासायनिक फवारणी टाळा, कारण तिथे फवारणी आणि जनावराचे तोंड यांत अंतर थोडे असते. पोंग्यात भुसा साचलेला दिसला तर समजा, अळी मोठी झाली आहे आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मुरघास जनावराला एकदम पोटभर घालू नका. तीन-चार किलोंपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर या, त्याच्या पोटातल्या जिवाणूंना आंबट वैरणीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. धार काढायच्या आधी घालू नका, धार काढून झाल्यावर घाला, म्हणजे दुधाला वास येत नाही. आणि मुरघास सुरू केला म्हणून पेंड पूर्ण बंद करता येत नाही. मुरघासाच्या कोरड्या भागात प्रथिने सात-आठ टक्केच असतात. त्यामुळे तुमचा भरड्याचा खर्च कमी होईल, सरकी पेंडेचा फारसा नाही. 'परवडेल का' या प्रश्नाचे माझे उत्तर या हिशेबात आहे. तुम्ही उन्हाळ्यात वैरणीला आणि गोळी पेंडेला किती पैसे देता, ते मागच्या वर्षीच्या पावत्यांवरून काढा. बियाणे, खत, पाणी, कुट्टी आणि पिशव्या यांचा खर्च त्याच्याशी ताडून पाहा. मक्याच्या बाजारभावाशी ताडून पाहू नका. एका एकरातल्या उसाशी तर मुळीच नको, कारण ऊस बारा ते अठरा महिने रान अडवतो आणि हा मका तीन महिन्यांत रान मोकळे करतो.

रान मोकळे झाल्यावर काय, हे तुम्ही विचारले नाही, पण माझ्या मते या बेताचा सर्वांत मोठा फायदा तिथे आहे. मेअखेर मुरघासाचे वीस गुंठे रिकामे होतील, जूनच्या मध्यापर्यंत हिरव्या वैरणीचे तीन तुकडेही रिकामे होतील. वापसा आला (जमिनीत पेरणीजोगी ओल आली) की तिथे सोयाबीन पेरा. ऊस आणि मका दोन्ही गवतवर्गीय, दोन्ही नत्राला हावरे, म्हणून मध्ये एक शेंगवर्गीय पीक येणे जमिनीला मानवते. याच कारणाने उन्हाळी मुरघासाच्या तुकड्यात ॲट्राझिन शिफारशीपेक्षा जास्त मारू नका, पुढचे सोयाबीन त्याला नाजूक आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीन निघेल, १५ ऑक्टोबरच्या आसपास पूर्ण एकर संकरित मका टाका. थंडीत पीक थोडे लांबते, शंभर ते एकशे पाच दिवस घेते, पण तुरा थंड हवेत येत असल्याने कणीस टोकापर्यंत भरते आणि लष्करी अळीचा जोरही कमी असतो. जानेवारीच्या शेवटी पंधरा-सोळा टन माल कापून भरा. कुट्टी मशीन आणि माणसे डिसेंबरमध्येच सांगून ठेवा, कारण जानेवारीत सगळे हात ऊसतोडीत गुंतलेले असतात. पहिली पिशवी मार्चच्या मध्याला उघडाल तेव्हा गावातून टोळ्या परत निघालेल्या असतील, आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या त्या एकरात 'सुरू' हंगामातील उसाची लागण उगवत असेल.